घाईवाला, ठिपकेवाला आणि मी

प्रिय शालन,

तू चुकलीस! आठ वर्षांत एकदाही चुकली नव्हतीस, पण शेवटी चुकलीस. परवा शनिवारी मला ते कळलं आणि तेव्हापासून पोटात मावत नाहीये. कारखान्यात कुणाला सांगणार? मीनाला सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय सांगताय बाबा, आईला सांगा की." म्हणून लिहायला बसलोय.

'प्रिय' वाचून हसू नकोस. तू माहेरी मंद्रूपला गेलीस की मी कार्ड टाकायचो, त्यावर 'सौ. शालनला' एवढंच असायचं. कार्ड आधी पोस्टमन वाचणार, मग तुझे वडील, मग तू. तिथं कुठलं प्रिय लिहिणार? श्रावणात तुला कावीळ झाली आणि बारा दिवसांत तू गेलीस. आता हे पत्र मधे कुणी वाचायचं नाही, म्हणून लिहून टाकलं.

आधी मनातलं बाहेर काढतो. शालन, मी जळायचो. तुझ्या नजरेवर जळायचो, आणि तुझ्या त्या घाईवाल्यावर तर विचारूच नकोस! शेजारचे म्हणायचे, "तुमचं बरं आहे, बायको सिनेमा मागत नाही, साडी मागत नाही, रद्दी मागते." त्यांना काय माहीत! साडी परवडली असती. हा माणूस रोज माझ्या घरात यायचा, माझ्या ताटाशेजारी उघडा पडलेला असायचा, आणि तू तव्यावर भाकरी टाकून त्याच्याकडे बघत बसायचीस.

आठवतं का, सुरुवात शेंगदाण्याच्या पुडीनं झाली होती? लग्नाला दोन वर्षं झालेली, मीना अजून रांगत होती. तू शेंगदाणे डब्यात ओतलेस आणि पुडीचा कागद मांडीवर सरळ करत बसलीस. कुठल्याशा साप्ताहिकाचं पान होतं. गोष्टीतलं चित्र, खुर्चीत बसलेला म्हातारा. टाचेपासून मानेपर्यंत एकच रेघ, पेन उचललेलंच नाही.

"अवो, बघा की. ह्येला कान काढलेलाच न्हाई," तू म्हणालीस. "तरी कसा ऐकतोय बघा!"

मी चित्र बघितलं. कान खरंच नव्हता आणि म्हातारा खरंच ऐकत होता. मी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा पास झालेला माणूस, चादरीच्या कारखान्यात डिझाइन करणारा. तू सातवी शिकलेली. तुमच्या शाळेत चित्रकलेचा तासच नव्हता. मग हे तुला आधी कसं दिसलं? त्या दिवशी पहिल्यांदा आत काहीतरी टोचलं. "कान काढायला विसरला असेल," असं म्हणून मी शेंगदाणे खाल्ले.

मग विजापूर वेशीतल्या रद्दीवाल्या चाचांकडे तुझ्या फेऱ्या सुरू झाल्या. वाचनालयाच्या अंकाला कात्री लावता येत नाही, रद्दीला लावता येते. चाचा तुझ्यासाठी गठ्ठे बाजूला ठेवायचे. मी बरोबर असलो तरी माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. "भाबी, तुम्हारा घाईवाला आया," असं म्हणून अंक पुढं करायचे. तुम्हारा! भर बाजारात, नवरा शेजारी उभा असताना!

नावं तूच ठेवायचीस. चित्रकाराचं छापलेलं नाव वाचायचंच नाही, हा तुझा नेम. चित्र समोर आलं की कोपऱ्यातल्या सहीवर आधी अंगठा ठेवायचीस. "सही बघून कुनी बी वळखंल," म्हणायचीस. मग रेघ बघून ठरवायचीस. भरभर एका रेघेत काढून डोळा नाहीतर कान सोडून देणारा तो घाईवाला. नुसत्या ठिपक्यांनी सावली भरणारा तो ठिपकेवाला. बायकांच्या माना वीतभर लांब काढणारा लांबमाना, त्याच्यावर तुझा राग. "असल्या मानंवर घागर कशी ऱ्हाईल वो?" म्हणून तू त्याला एकच पान दिलंस.

आणि पान मिळवणं सोपं नव्हतं तुझ्याकडे! एका हाताची तीन चित्रं जुळल्याशिवाय वहीत नाव चढायचं नाही. "येक चित्र कुनालाबी जमतं, दोन नशिबानं जमत्यात. तिसरं आलं की मानूस कळतो." हे तू कुठं शिकलीस?

वही मात्र मी दिलेली. कारखान्यात खराब झालेले ग्राफचे कागद मी शिवून आणले होते. तुला माहीतच आहे माझं काम. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची, एकेक चौकट रंगवायची. एक चौकट म्हणजे एक धागा. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे मागावर चढतात आणि चादरीवर मोर उतरतो. चौकटीत गोल बसत नाही, म्हणून मोराची मान पायऱ्यापायऱ्यांनीच चढवायची. बारा वर्षं मी पायऱ्या चढवतोय. आणि तू माझ्याच चौकटींवर खळ लावून दुसऱ्यांच्या वाकदार रेघा चिकटवत होतीस. वाईट वाटणार नाही का माणसाला?

एकदा मी विचारलं होतं, "माझा मोर कसा वाटतो तुला?" तू अंगावरची चादर चाचपलीस. "ऊबदार हाय की," म्हणालीस.

ऊबदार! घाईवाल्याला 'ऐकतोय' आणि मला 'ऊबदार'!

दुष्काळाच्या वर्षी त्याचं एक चित्र आलं होतं. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका. तू ते हातात घेऊन दाराच्या उजेडात गेलीस. मग म्हणालीस, "ह्यो मानूस तितं उनात जाऊन बसलेला हाय. पदर दातात कसा धरलाय बघा. तोंडात खडीची धूळ जाती म्हनून धरत्यात. घरात बसून ह्ये कळत न्हाई." तुझी थोरली बहीण त्याच वर्षी मंद्रूपजवळच्या कामावर होती. तू ते चित्र चिकटवलंस आणि त्या पानावर दुसरं काही लावलं नाहीस.

आता एक कबुली देतो. त्याच्या पुढच्या आठवड्याचा अंक तुला सापडला नव्हता ना? मी म्हटलं होतं, चाचांनी दिलाच नाही. दिला होता. त्यात घाईवाल्याची दोन चित्रं होती आणि दोन्ही अशी होती की तू आठवडाभर त्यांचंच बोलली असतीस. सकाळी बंब पेटवताना मी तो अंक खाली घातला. त्या पाण्यानं मी आंघोळ केली आणि शीळ वाजवत कामावर गेलो. तू चाचांशी भांडून आलीस, बिचाऱ्यांना काही कळेना. शालन, त्याबद्दल मला माफ कर. चाचांना मी कालच सांगून आलो. ते म्हणाले, "भाबी को मालूम था." खरंच होतं का गं? बंबाच्या राखेत काही उरलं होतं का?

आणि मग तो दिवाळी अंक.

तुला न सांगता मी चित्र काढायला लागलो होतो. जेवणाच्या सुट्टीत, ग्राफच्या टेबलावर, डबा बाजूला सारून. मनात एकच होतं, वहीत आपलं पान व्हावं. गावातल्याच एका छापखान्याचा दिवाळी अंक निघायचा, त्यांना गोष्टीसाठी चित्र हवं होतं. उंबऱ्यात बसून गहू पाखडणारी बाई. मी महिनाभर घाईवाल्याची रेघ गिरवली. पाठीची रेघ एका दमात ओढली, एक डोळा सोडून दिला. सही मुद्दामच केली नाही. तू ओळखावंस, नाही ओळखलंस तर निदान घाईवाल्याच्या खात्यात घालावंस, असा माझा डाव होता. तसं झालं असतं तरी मी खूश झालो असतो!

पाडव्याच्या सकाळी अंक तुझ्यापुढं टाकला. "बघ, चाचांनी दिलाय." तू सवयीनं कोपऱ्यावर अंगठा ठेवलास. सही नव्हती तरी ठेवलास. चित्र बघितलंस आणि म्हणालीस, "ह्यो मानूस बघून काढत न्हाई. दुसऱ्याचं बघून काढतोय."

माझे कान तापले.

"पर..." तू म्हणालीस.

पुढं मी ऐकलंच नाही. चपला घातल्या आणि बाहेर पडलो. पाडव्याचा दिवस, तू ओवाळायचं ताट केलेलं, आणि मी सिद्धेश्वराच्या तळ्याला तीन चकरा मारून दुपारी परत आलो. तू विचारलंस, "कुटं गेलता?" मी म्हटलं, "कामावर." पाडव्याला कारखाना बंद असतो हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. तू ओवाळलंस.

त्या दिवसापासून मी तुझी वही उघडली नाही. तू 'बघा की' म्हटलंस की मी पेपर वर धरायचो. तीन वर्षं! 'पर'च्या पुढं काय होतं, हे विचारायला मला तीन वर्षं मिळाली होती, शालन. मला वाटायचं, पुढं आणखी वाईट असणार.

आता शनिवारचं सांगतो.

मीनाच्या शाळेत चित्रकलेच्या स्पर्धेची बक्षिसं होती. मीनाला काही मिळालं नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. तुझ्यावर गेलीय, बघते चांगलं, काढत नाही. बक्षिसं द्यायला पुण्याहून एक चित्रकार आले होते. ठेंगणे, पोट सुटलेले, खादीची पिशवी, सारखा खोकला. मुलांनी हट्ट केला म्हणून त्यांनी खडू घेतला आणि हेडमास्तरांना फळ्यावर काढलं. टाचेपासून सुरुवात केली. खडू न उचलता मानेपर्यंत गेले, आणि थांबले.

कान काढलाच नाही! आणि फळ्यावरचे हेडमास्तर ऐकत बसलेले.

मी गर्दीतून उठलो, सायकल काढली आणि घरी आलो. तुझ्या ट्रंकेतून साड्यांच्या खालची वही काढली, पिशवीत टाकली. वाटेत मला काय वाटत होतं सांगू? मी त्याला उंच समजत होतो. आठ वर्षं मी ज्याच्यावर जळलो तो माझ्या खांद्याला लागत होता. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

शिक्षकांच्या खोलीत ते चहा पीत बसले होते. त्यांचं खरं नाव मला आता कळलंय, पण इथं लिहीत नाही. तुला चाललं नसतं. मी वही पुढं केली. त्यांनी पहिलं पान उघडलं. "घाईवाला? म्हणजे मी?" असं म्हणून एवढे हसले की बशीत चहा सांडला.

मग हसू थांबलं. चित्रांखाली तू लिहिलंयस, हे मला माहीत नव्हतं. ते मोठ्यानं वाचत होते आणि मी शेजारी उभा राहून पहिल्यांदा ऐकत होतो. 'आज घाई जास्त झाली, पण पाय बरोबर.' 'हिचा पदर वाऱ्यानं नाही, रागानं उडालाय.' 'याला ताप असावा, रेघ थकलीय.' इथं त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "त्या आठवड्यात मला खरंच ताप होता. घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं."

शालन, तिथंही मी जळलो! तुझं अक्षर, एवढं सगळं, आणि दुसऱ्यासाठी! मला ताप असला की तू काढा द्यायचीस, हे ठीक आहे. पण असं कधी लिहिलंस का?

पुढं ठिपकेवाल्याची पानं आली. त्यांनी एक उलटलं, दुसरं उलटलं, आणि म्हणाले, "ही पण माझीच."

मला वाटलं, चेष्टा करतायत. तर म्हणाले, "अहो, आठवड्याच्या अंकाला छपाईचा ब्लॉक करणारा दारात बसलेला असतो, म्हणून एका रेघेत उरकतो. दिवाळी अंकाची चित्रं उन्हाळ्यातच मागतात. तेव्हा निवांत ठिपके मारत बसतो. सही दोन्हीकडे एकच आहे, बघा."

सही! तुझ्या अंगठ्याखाली झाकलेली, आणि मी रागानं कधी न वाचलेली! सहीकडे एकदा जरी बघितलं असतंस तर कळलं असतं. आणि तू त्या पानाखाली काय लिहून ठेवलंयस? 'हा शांत माणूस. घाईवाल्याशी याचं एक दिवसही पटायचं नाही.' तर ते म्हणाले, "हे मात्र अगदी खरं लिहिलंय बाईंनी." म्हणजे तू चुकलीस आणि तरी तूच बरोबर निघालीस. तुझ्याशी जिंकायचं तरी कसं?

मी मनातल्या मनात टाळ्या पिटत होतो. आता वही मिटतील, असं वाटत होतं, तेवढ्यात त्यांनी शेवटचं पान उघडलं.

"आणि हा कोण?"

त्या पानावर एकच चित्र होतं. उंबऱ्यात गहू पाखडणारी बाई. बाजूला पेन्सिलीनं आखलेल्या दोन रिकाम्या चौकटी, पट्टी धरून नीट आखलेल्या. वर तुझ्या अक्षरात नाव: बोटंवाला.

त्यांनी वही खिडकीकडं नेली. "रेघ माझी उचललीय यानं," म्हणाले. "पाठ माझी, सोडलेला डोळाही माझा. पण हे बोट माझं नाही. ही सुपाखालची डावी करंगळी वाकडी आहे, बघा. असं बोट कुणी मनानं काढत नाही. हे यानं रोज बघितलेलं आहे."

शालन, मला ते माहीतच नव्हतं! मी घाईवाल्याची रेघ सांभाळण्यात इतका गुंतलो होतो की हात कुणाचे आले हे बघितलंच नाही. लहानपणी कडबा तोडताना तुझी करंगळी मोडली होती, ती तशीच वाकडी बसली. तू त्या पाडव्याच्या सकाळी अंगठा ठेवलास आणि अंगठ्याशेजारी तुला तुझंच बोट दिसलं. 'पर' म्हणालीस. आणि मी चपला घातल्या!

"बाई आल्या नाहीत?" त्यांनी विचारलं. मीना माझ्या मागोमाग आत आली होती. मीनाच म्हणाली, "आई वारली." त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडं दिली.

तुझा नेम तू माझ्यासाठी मोडलास ना? तीन जुळल्याशिवाय पान नाही, आणि मला एकाच चित्रावर पान. उरलेल्या दोन चित्रांची जागा धरून बसलीस. मला एकदा सांगितलं का नाहीस गं? मी पेपर वर धरायचो, तो हातातून ओढून का घेतला नाहीस? का तुझाही हट्ट होता, मी आपणहून तिसरं चित्र घेऊन येईन आणि मग तू ते 'पर' पुरं करशील? तीन वर्षं तू वाट बघितलीस आणि मी ग्राफ भरत राहिलो. हे मला फार लागलंय.

काल मीना उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. मी कागद घेऊन समोर बसलो. पहिल्या चार चित्रांत घाईवाला आला, ती फाडली. पाचव्यात पायऱ्या आल्या, मीनाचं नाक मोरासारखं झालं. ती खूप हसली. सहावं अर्धं राहिलंय. तिची करंगळी सरळ आहे, शालन, पण शेंग फोडताना ती तुझ्यासारखीच बाहेर काढते. एवढं दिसलं आणि तिथं थांबलो, पुढचं काढवेना.

तुला एक शब्द देतो. त्या दोन चौकटी मी भरीन. कुणाची रेघ घेऊन नाही, बघून. वर्ष लागो नाहीतर पाच लागोत. सही करणार नाही. चित्र झालं की मीनापुढं ठेवीन, ती कोपऱ्यावर अंगठा ठेवेल आणि सांगेल कुणाचं आहे. 'बाबांचं' म्हणाली तरच खळ लावीन. आणि ती 'पर' म्हणाली, तर या वेळी बसून ऐकीन.

तुझी चूक मात्र मी सुधारणार नाही. घाईवाल्याची अकरा पानं आणि ठिपकेवाल्याची सहा वेगवेगळीच राहू देत. सतराची सतरा एकट्या त्या माणसाची झाली, तर मला सोसायचं नाही!

तुझा,
बोटंवाला